काळ मोजायला फूटपट्टी

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातील टिपणात आम्ही लिहिले होते, की फेमटोसेकंद लेसरच्या स्पंदांनी, म्हणजे अतिशय आखूड चमकांनी, रेणूंच्या आतली हालचाल टिपता येते आणि रासायनिक बंध तुटताना अणू कसे सरकतात हे आता प्रयोगाने पाहता येते. टिपण जेमतेम एका स्तंभाचे होते, पत्रे मात्र भरपूर आली आणि त्यांतली बहुतेक इंदूरहून आली. सुखनिवासच्या तलावाकाठी लेसरवर काम करणारे मोठे केंद्र ज्या गावात आहे, तेथे या विषयाची उत्सुकता असावी हे स्वाभाविकच आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी इंदूरच्या एका कापड गिरणीत रिंगफ्रेम खात्यात एकतीस वर्षे फिटर होतो. चाती मिनिटाला बारा हजार फेरे घेई आणि डोळ्यांना नुसता धूसर पट्टा दिसे. स्ट्रोबोस्कोपचा दिवा तिच्यावर धरून लुकलुक जुळवली, की चाती जागच्या जागी उभी राही आणि तिची थरथर, सुताचा गुंता सारे स्पष्ट दिसे. आपण लिहिता तो लेसर म्हणजे असाच, फक्त फार वेगाने लुकलुकणारा दिवा समजावा काय? — एक सेवानिवृत्त वाचक, परदेशीपुरा, इंदूर

उत्तर : आपली तुलना इतकी नेमकी आहे, की उत्तरांची सुरुवात तिच्यापासूनच करावीशी वाटली. मिनिटाला बारा हजार फेरे म्हणजे सेकंदाला २००, म्हणजे एका फेऱ्याला ५ मिलिसेकंद. दिव्याची एक चमक १० मायक्रोसेकंद टिकली असे धरले, तर तेवढ्यात चाती एक अंशसुद्धा फिरत नाही आणि म्हणून ती उभी दिसते. हालचाल गोठवायची तर चमक त्या हालचालीपेक्षा पुष्कळ आखूड हवी, हे तत्त्व गिरणीत जे, तेच रेणूंच्या बाबतीत. रेणूतले अणू साधारणपणे सेकंदाला एक किलोमीटर या वेगाने हलतात. हा वेग रायफलच्या गोळीच्या आसपासचा, म्हणजे कल्पनेबाहेरचा नाही. पण अणूला कापायचे असते एखाद्या अँगस्ट्रॉमचे अंतर, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, आणि ते त्याला १०० फेमटोसेकंदांत कापता येते. फेमटोसेकंद हा सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग आहे. एका सेकंदापुढे फेमटोसेकंद जेवढा लहान, तेवढाच लहान एक सेकंद सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांपुढे ठरतो. अणू वाटेत कुठे आहे हे पाहायचे, तर चमक १० ते १०० फेमटोसेकंदांची लागते, आणि एवढी आखूड चमक लेसरखेरीज कशानेही मिळत नाही.

येथपर्यंत तुलना जुळते. पुढे ती दोन ठिकाणी सुटते आणि या तंत्राचे सारे कौशल्य नेमके त्या दोन ठिकाणी आहे.

पहिली गोष्ट अशी, की चाती मोटरवर बांधलेली असते आणि ठरल्या तालात फिरते, म्हणून तिच्याशी लुकलुक जुळवता येते. रेणूंना असा सामाईक ताल नसतो. भांड्यातले अब्जावधी रेणू ज्याच्या त्याच्या वेळेनुसार कंप पावत असतात. एखादा आत्ता ताणलेला, शेजारचा आत्ता आखडलेला. त्यांच्यावर कितीही आखूड चमक टाकली तरी हाती येते ती सगळ्यांची सरासरी, म्हणजे पुन्हा तो धूसर पट्टाच. म्हणून आधी सगळ्यांना एकाच क्षणी सुरुवात करून द्यावी लागते. हे काम पहिला स्पंद करतो. त्याला पंप म्हणतात. त्याची ऊर्जा ज्या रेणूंनी शोषली, ते सगळे एकाच क्षणापासून हलू लागतात, शर्यतीच्या रेघेवरून पोरे एकदम सुटावीत तसे. नंतर ठरावीक अंतराने दुसरा स्पंद येतो, त्याला प्रोब म्हणतात. त्या घटकेला रेणू कोणत्या स्थितीत पोहोचले आहेत, यावर प्रोबचा किती उजेड आणि कोणत्या रंगाचा उजेड शोषला जाईल हे अवलंबून असते. तेवढे मोजायचे.

दुसरी गोष्ट या दोन स्पंदांमधल्या वेळेची. स्ट्रोबोस्कोपवर आपण खुंटी फिरवून लुकलुक कमीजास्त करीत होतात. ५० फेमटोसेकंदांची वाट पाहून दुसरा दिवा लावील असे विजेचे मंडल अस्तित्वात नाही. येथे मार्ग निघाला तो फार सुंदर आहे आणि मला स्वतःला या साऱ्या शास्त्रात तोच सर्वाधिक आवडतो. लेसरमधून निघालेला एकच स्पंद अर्धपारदर्शक आरशाने दुभागतात. एक भाग सरळ नमुन्याकडे जातो, दुसऱ्याला सरकत्या पट्टीवर बसवलेल्या आरशांच्या जोडीकडून वळसा घालून आणतात. प्रकाश एका फेमटोसेकंदात सुमारे ०.३ मायक्रॉन जातो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आरसे १ मायक्रॉन मागे सरकवले, की जाण्यायेण्याचे मिळून २ मायक्रॉन अंतर वाढते आणि दुसरा स्पंद ६.७ फेमटोसेकंद उशिरा पोहोचतो. आपण फिटर होतात. मायक्रोमीटरवरचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे घर आयुष्यभर वाचले असेल. ते एक घर या प्रयोगात ६७ फेमटोसेकंदांचे असते. ज्या काळाला कोणतेही घड्याळ पुरे पडत नाही, तो काळ येथे अंतराच्या मापाने मोजतात, आणि अंतर मायक्रॉनपर्यंत मोजणे ही कारखान्याच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

यातून आणखी एक सोय होते. उजेड मोजणारे यंत्र वेगवान असण्याची गरजच उरत नाही. प्रोबचा स्पंद कधी आला हे त्याला सांगायचे नसते, किती उजेड पार झाला एवढेच सांगायचे असते. वेळ आधीच आरशांच्या जागेत नोंदलेली असते. फरक मात्र अतिशय बारीक असतो, बऱ्याचदा हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी. म्हणून खाचांची फिरती चकती लावून पंपाचा एक आड एक स्पंद अडवतात आणि पंप असताना व नसताना आलेले आकडे एकमेकांतून वजा करतात. सेकंदाला हजार वेळा हेच चालते. नमुना सतत वाहता ठेवतात, म्हणजे प्रत्येक वेळी ताजे रेणू समोर येतात. मग आरसे थोडे पुढे, पुन्हा हजारो मापे, पुन्हा थोडे पुढे. या पद्धतीने जे चित्र उभे राहते, ते एका रेणूचे नसते. प्रत्येक चौकटीत वेगळे रेणू असतात. सगळ्यांची सुरुवात सारखी करून दिलेली असते म्हणून त्या चौकटी एकापुढे एक लावता येतात. रेणूचा चित्रपट असा शब्द सर्रास वापरला जातो, आमच्या टिपणातही तो होता. तो वाचताना ही गोष्ट ध्यानात असावी.

प्रश्न : अभिक्रियेचा आलेख पुस्तकात डोंगरासारखा काढतात आणि शिखरावर संक्रमण अवस्था असे लिहितात. ती अवस्था वेगळी काढता येत नाही असेही लगेच सांगतात. मग ती खरोखर कोणी पाहिली आहे, की ती केवळ मानलेली गोष्ट आहे? — बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, भंवरकुआँ, इंदूर

उत्तर : संक्रमण अवस्था म्हणजे जुने बंध तुटत आणि नवे जुळत असतानाची मधली स्थिती. बराच काळ ती मानलेलीच होती. अभिक्रिया होण्यासाठी रेणूंना ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो, हे अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडले. त्या डोंगराचा पहिला नकाशा आयरिंग आणि पोलान्यी यांनी १९३१ मध्ये गणिताने काढला. प्रयोगशाळेत मात्र सुरुवातीचे पदार्थ आणि शेवटचे पदार्थ एवढेच हाती लागत. नॉरिश आणि पोर्टर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर दिव्याच्या जोरदार झोताने अभिक्रिया सुरू करून दुसऱ्या झोताने ती तपासण्याची पद्धत काढली. पोर्टर युद्धात नौदलात रडारवर काम करीत असत, तेव्हा स्पंद ही गोष्ट त्यांच्या ओळखीची होती. पंप आणि प्रोबचे मूळ तेथे आहे. त्या दोघांना आणि आयगेन यांना १९६७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण दिव्याचा झोत मायक्रोसेकंदांच्या खाली जाऊ शकत नव्हता आणि तेवढ्या वेळात डोंगर केव्हाच ओलांडून झालेला असतो.

शिखरावरच्या रेणूंपर्यंत पोहोचले ते अहमद झेवैल. हे मूळचे इजिप्तचे, काम कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये. १९८७ मध्ये त्यांच्या गटाने आयोडीन सायनाइडच्या रेणूतील आयोडीन आणि कार्बन यांच्यामधला बंध तुटताना पाहिला. त्याला सुमारे २०० फेमटोसेकंद लागले. त्यापाठोपाठ त्यांनी सोडियम आयोडाइडवर जो प्रयोग केला, तो मी तुम्हाला विशेष सांगू इच्छितो, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात अगदी उघड दिसते.

वायुरूपातील सोडियम आयोडाइडवर अतिनील पंप पडला, की रेणू उत्तेजित होतो आणि त्याचे दोन अणू एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. जवळ असताना त्यांच्यातला बंध सहसंयोजी, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेण्याच्या, स्वरूपाचा असतो. पण अंतर सुमारे ७ अँगस्ट्रॉम झाले, की एक फाटा लागतो. सोडियमचा इलेक्ट्रॉन आयोडीनकडे गेला, तर ते दोन विरुद्ध भारांचे आयन होतात आणि परस्परांच्या आकर्षणाने मागे ओढले जातात. इलेक्ट्रॉन गेला नाही, तर अणू सुटून वेगळे होतात. बहुतेक रेणू मागे येतात, पुन्हा दूर जातात, पुन्हा फाट्यावर पोहोचतात, आणि दर खेपेला दहातला साधारण एक निसटतो. एका येरझारीला १.२५ पिकोसेकंद, म्हणजे १,२५० फेमटोसेकंद, लागतात. झेवैल यांच्या गटाने प्रोबचा रंग दोन प्रकारे निवडला. सुटलेला सोडियम अणू जो पिवळा उजेड शोषतो, तो वापरला, तेव्हा संकेत जिन्याच्या पायऱ्यांसारखा वर चढत गेला. प्रत्येक खेपेला थोडे अणू सुटत होते, त्याची ती पायरी. रंग थोडा बदलला, तेव्हा सुटलेले अणू दिसेनासे झाले आणि अजून बंधात असलेले, पण फाट्याकडे येरझारा घालणारे रेणू दिसू लागले. हा संकेत वर-खाली होत, हळूहळू मंदावत गेला. सुरुवातही नाही आणि शेवटही नाही अशा अवस्थेतल्या रेणूंचा तो संकेत होता. झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्याला मिळाले आणि ते संक्रमण अवस्थांच्या अभ्यासासाठीच होते. तेव्हा पुस्तकातला तो डोंगर यापुढे निःशंक मनाने काढा. फक्त तो एका रेषेवरचा डोंगर असतो असे समजू नका. अणू तीनहून अधिक झाले, की वाटा पुष्कळ होतात आणि रेणू नेहमी सर्वांत सोप्या वाटेनेच जातो असेही नाही.

प्रश्न : स्पंद जितका आखूड, तितकी त्याची ऊर्जा अनिश्चित, असे अनिश्चिततेचे तत्त्व सांगते. मग एवढ्या आखूड स्पंदाने रेणूविषयी नेमके काही कळते कसे? — भौतिकशास्त्राचे एक शिक्षक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपण मांडलेली अडचण खरी आहे आणि प्रारंभीच्या काळात अनेक जाणकारांनी हीच शंका घेतली होती. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या या गावात संगीतातला दाखला दिलेला चालेल. तंबोऱ्याची तार छेडली, की सूर कितीतरी वेळ टिकतो आणि तो कोणता आहे हे नेमके सांगता येते. टाळी वाजवली, तर ती कधी वाजली हे नेमके सांगता येते, पण तिचा सूर सांगता येत नाही, कारण तिच्यात पुष्कळ सूर एकत्र असतात. प्रकाशाचेही तसेच आहे. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा स्पंद १०० फेमटोसेकंदांचा असेल, तर त्याच्या रंगाचा पट्टा निदान ९ नॅनोमीटर रुंद असतो. तोच स्पंद १० फेमटोसेकंदांचा केला, की पट्टा ९४ नॅनोमीटरचा होतो.

ही रुंदीच येथे उपयोगी पडते. रेणूच्या कंपनाच्या ऊर्जापातळ्या ठरावीक अंतरांवर असतात. एकाच पातळीवर असलेला रेणू, आपण जाणताच, काळानुसार बदलत नाही. तेथे पाहण्यासारखी हालचालच नसते. रुंद पट्ट्याचा स्पंद एकाच वेळी अनेक शेजारच्या पातळ्या उत्तेजित करतो, त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून एका जागी गोळा होतात आणि असा तरंगपुंज तयार होतो, जो एखाद्या चेंडूप्रमाणे इकडून तिकडे जाताना दिसतो. म्हणजे ऊर्जेची नेमकी माहिती जेवढी सोडून द्यावी, तेवढी जागेची माहिती हाती येते. अनिश्चिततेच्या तत्त्वाला येथे कोठेही बगल दिलेली नाही. त्याच्याच आधाराने हा प्रयोग उभा आहे. आयोडीनच्या रेणूचे एक कंपन सुमारे १५६ फेमटोसेकंदांचे असते आणि त्याचे तरंगपुंज अशा प्रयोगांत व्यवस्थित टिपले गेले आहेत. हायड्रोजनच्या रेणूचे कंपन ८ फेमटोसेकंदांहूनही कमी असल्यामुळे तेथे काम फार अवघड होते.

रुंद पट्ट्याची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. काचेतून तांबडा उजेड निळ्यापेक्षा थोडा वेगाने जातो, त्यामुळे स्पंदातले रंग मागेपुढे होतात. १० फेमटोसेकंदांचा स्पंद क्वार्ट्झ जातीच्या काचेतून केवळ एक सेंटिमीटर गेला, तरी तो सुमारे १०० फेमटोसेकंदांचा होऊन बाहेर पडतो. म्हणून या प्रयोगशाळांत जाड भिंगे टाळून अंतर्गोल आरसे वापरतात आणि लांबलेला स्पंद लोलकांच्या जोडीने किंवा खास आरशांनी पुन्हा आखूड करून घेतात. हाच दोष डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मूरू यांनी १९८५ मध्ये गुणाला लावला. स्पंद मुद्दाम लांबवायचा, म्हणजे त्याची तीव्रता उतरते आणि वर्धक स्फटिकाला इजा होत नाही. मग त्याची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आखडायचा. या युक्तीला २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रश्न : माझ्या नातीच्या चष्म्याचा नंबर डॉक्टरांनी फेमटो लेसरने घालवला. तो हाच लेसर का? आणि रेणूंच्या या अभ्यासाचा आमच्या रोजच्या जगण्याशी काही संबंध आहे का? — एक आजी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आजी, लेसरची जात तीच. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात पातळ पापुद्रा कापण्यासाठी तो वापरतात. स्पंद इतका आखूड असतो, की आजूबाजूच्या पेशींपर्यंत उष्णता पोहोचण्याआधीच काम झालेले असते. पापुद्रा उचलल्यावर पडद्याला आकार देण्याचे काम बहुधा दुसऱ्या, अतिनील लेसरने करतात.

दुसरा प्रश्न आपण डोळ्यांविषयीच्या पत्रातच विचारला, हे बरे झाले. हे उत्तर आपण वाचत आहात ते ज्या रेणूमुळे, त्याचे नाव रेटिनल. गाजर, आंबा, पालेभाज्या यांतून मिळणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वापासून शरीर तो तयार करते. डोळ्याच्या मागच्या पडद्यात हा रेणू एका प्रथिनाच्या कुशीत वाकलेल्या स्थितीत बसलेला असतो. उजेडाचा एक कण पडला, की तो मधल्या एका बंधाभोवती वळून सरळ होतो आणि तेथून पुढे मेंदूपर्यंत संदेश जातो. हे वळणे अवघ्या २०० फेमटोसेकंदांत होते, असे १९९१ मध्ये अशाच दोन स्पंदांच्या प्रयोगाने दिसले. उजेड शोषलेल्या तीन रेणूंपैकी साधारण दोन यशस्वीपणे वळतात, ही मोठीच कार्यक्षमता आहे. वळायला वेळ लागला असता, तर मिळालेली ऊर्जा वाटेत उष्णतेच्या रूपाने वाया गेली असती. पाहण्याची पहिली पायरी इतकी झटपट असते, म्हणूनच अंधुक उजेडातही आपल्याला दिसते.

मे महिन्याच्या उन्हाचेही असेच एक उदाहरण आहे. त्वचेतील डीएनएवर अतिनील किरण पडतात तेव्हा त्यातील घटक ती ऊर्जा बहुतेक वेळा एका पिकोसेकंदाच्या आतच उष्णतेत बदलून टाकतात, त्यामुळे बंध बिघडण्याला फारसा अवसर मिळत नाही. फारसा, एवढेच, डोक्याला पदर आणि सोबत छत्री हवीच.

प्रश्न : मुलाला या विषयात पुढे जायचे आहे. इंदूरमध्ये काही सोय आहे का? आणि इंडस म्हणजे हाच लेसर का? — एक पालक, विजयनगर, इंदूर

उत्तर : इंडस-१ आणि इंडस-२ हे लेसर नाहीत, त्या इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून क्ष-किरण आणि अतिनील किरण मिळवणाऱ्या यंत्रणा आहेत. त्या ज्या राजा रामण्णा केंद्रात आहेत, त्याच केंद्रात लेसरचेही काम चालते. त्याची पायाभरणी १९८४ मध्ये झाली आणि लेसरतज्ज्ञ डॉ. दिलीप देविदास भवाळकर हे त्याचे संस्थापक संचालक होते. टायटॅनियम-नीलम स्फटिकावर चालणारा, १५० टेरावॉट (एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट) शिखरशक्तीचा अतिलघुस्पंद लेसर तेथे आहे. स्पंद लांबवून आखडण्याची वर सांगितलेली युक्ती त्यात वापरतात. आयआयटीही इंदूरमध्ये आहे. मुलाने भौतिकशास्त्र घ्यावे की रसायनशास्त्र, या वादात आपण अडकू नये. गणित पक्के असावे आणि हाताने जुळणी करण्याचा कंटाळा नसावा. आरसे केसभर हलले, की दिवसभराचे काम पुन्हा मांडावे लागते. जो हे शांतपणे पुन्हा मांडतो, तोच या विषयात टिकतो.

प्रश्न : मागच्या अंकात आपण लिहिले, की प्रकाश एका फेमटोसेकंदात ३ मायक्रॉन जातो. मी गुणाकार तीनदा केला आणि तिन्ही वेळा ०.३ मायक्रॉन आले. चूक माझी की आपली? — इयत्ता अकरावीची विद्यार्थिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : चूक आमची. सेकंदाला ३० कोटी मीटर या वेगाला सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाने गुणले, की ०.३ मायक्रॉनच येतात. दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकले होते. आमच्या आकड्यावर विसंबून कोणी आरसे सरकवले असते, तर ६.७ फेमटोसेकंदांसाठी १ मायक्रॉनऐवजी १० मायक्रॉन सरकवले असते, आणि रेणू त्याच्या प्रोबच्या आधीच कितीतरी पुढे निघून गेला असता. या अंकातील सर्व आकडे तुझ्या दुरुस्तीनंतर पुन्हा तपासून घेतले आहेत.